हिस्पॅनिक तरुणांसाठी संगणक-केंद्रे आणि नोकरीचे प्रशिक्षण : अमेरिकेतल्या मराठी स्वयंसेवकांना पडणारे प्रश्न

एडिसनहून पर्थ अँबॉय लांब नाही, फ्रीमॉन्टहून हेवर्ड नाही, आयर्विंगहून ओक क्लिफही नाही. आयटीतली मराठी मंडळी जिथे वसली आहेत तिथून थोड्याच अंतरावर बहुधा एखादी स्पॅनिशभाषक वस्ती असते. तिथल्या केंद्रात शिकवायला जावे, निदान जुने लॅपटॉप तरी द्यावेत, असे पुष्कळांच्या मनात येते. अशांना पडणारे प्रश्न खाली दिले आहेत. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी केंद्रात एकदा विचारून घ्या.

ही केंद्रे सुरू कशी झाली?

अंतोनिया स्टोन या गणिताच्या शिक्षिकेने १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, टायनो टॉवर्स या गृहसंकुलाच्या तळघरात संगणक मांडले. ईस्ट हार्लेम म्हणजे पोर्तोरिकन लोकांचे ‘एल बार्रिओ’. ज्याच्या घरी संगणक नाही त्याला तो चालत जाता येईल इतक्या जवळ मिळावा, एवढीच मूळ कल्पना होती. १९९३ मध्ये बोस्टनचे संगणक संग्रहालय आणि एमआयटीची मीडिया लॅब यांनी मिळून पहिले कॉम्प्युटर क्लबहाउस उघडले. १९९५ मध्ये साउथ ब्राँक्समध्ये ‘पर स्कोलास’ सुरू झाली. वापरलेले संगणक नीट करून देता देता ही संस्था दुरुस्तीच शिकवू लागली. २००० साली बोस्टनमध्ये ‘इयर अप’ आली, तिचा साचा सहा महिने वर्ग आणि सहा महिने कंपनीत काम असा.

आज ‘केंद्र’ या एकाच शब्दाखाली तीन निराळ्या गोष्टी चालतात : कुणीही यावे आणि संगणक वापरावा अशी खुली लॅब, शाळकरी मुलांचा संध्याकाळचा वर्ग, आणि नोकरी लावून देण्याची जबाबदारी घेणारे पूर्णवेळ प्रशिक्षण. जाण्याआधी यांतले नेमके काय चालते ते विचारा. तिसऱ्या प्रकाराला शनिवारी दोन तास येणारा शिक्षक फारसा उपयोगी पडत नाही. त्यांना मुलाखतीचा सराव घेणारा माणूस हवा असतो.

‘हिस्पॅनिक’ म्हणजे मेक्सिकोचे लोक ना?

बहुसंख्य मेक्सिकन मुळाचे आहेत, पण सगळे नाहीत. २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटले. त्यांत पोर्तोरिकन आले, आणि ते १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांना ‘व्हिसा कुठला?’ विचारणे म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला मुंबईत पासपोर्ट मागणे. एल साल्व्हादोर, ग्वातेमाला, डॉमिनिकन रिपब्लिक, कोलंबिया, व्हेनेझुएला इथले लोकही आहेत.

भाषेचेही तसेच. ग्वातेमालाहून आलेल्या काही कुटुंबांची घरची भाषा माम किंवा किचे असते, ओहाकातून आलेल्यांची मिश्तेक. स्पॅनिश ही त्यांची दुसरी भाषा, जशी गडचिरोलीतल्या गोंडी घरात मराठी. उलट इथेच जन्मलेल्या मुलांना कधीकधी स्पॅनिश धड येत नाही आणि चुलतभाऊ त्यांना ‘नो साबो’ म्हणून चिडवतात. आजीआजोबांशी मराठीत बोलताना अडखळणारी आपली मुले आठवा. तेव्हा पहिल्या दिवशी ‘ओला’ म्हणून स्पॅनिशमध्ये सुरुवात करू नका. भाषा त्यांना निवडू द्या.

प्रवेशाला वयाची, उत्पन्नाची अट असते का?

पैसा कुठून येतो त्यावर ते ठरते. २०१४ च्या डब्ल्यूआयओए या रोजगार-प्रशिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखाली शाळेबाहेरच्या तरुणांसाठी वय १६ ते २४, शाळेत असलेल्यांसाठी १४ ते २१. कायद्याने युवा निधीतले किमान ७५ टक्के शाळेबाहेरच्यांवर आणि २० टक्के प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर खर्च व्हायला हवेत. शाळेबाहेरच्या मुलासाठी शाळा अर्धवट सोडणे, स्वतःचे मूल असणे, बेघर असणे, फॉस्टर घरात वाढणे, अपंगत्व यांतले एक कारणही पुरते, तिथे उत्पन्न पाहत नाहीत. डिप्लोमा हातात आहे पण इंग्रजी कच्चे, अशा मुलाला मात्र उत्पन्नाची अट लागते. ती दाखवणे अवघड वाटले तर पत्त्यावरून विचारा, कारण पुरेशी गरिबी असलेल्या जनगणना-विभागात राहणारा तरुण अल्प उत्पन्नाचाच धरला जातो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते. अर्ज ‘अमेरिकन जॉब सेंटर’ या सरकारी रोजगार केंद्रात होतो.

खाजगी देणगीवर चालणाऱ्या वर्गांना हे काहीच लागू नाही. ते स्वतःचे नियम ठरवतात.

कागदपत्रे कोणती? आणि कागद नसलेल्या मुलांचे काय?

सरकारी निधीच्या प्रशिक्षणाला काम करण्याचा परवाना लागतो. शिवाय १८ पूर्ण झालेल्या मुलग्यांची ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’मधली नोंद तपासतात. ही लष्करी नोंदणी १८ ते २५ वयाच्या पुरुषांना लागू आहे, कागद नसलेल्यांनाही. २६ वर्षे उलटली की नोंद करता येत नाही आणि मग ‘का केली नाही’ हे लेखी पटवून द्यावे लागते. म्हणून हे पहिल्या आठवड्यातच बघावे.

पोर्तोरिकोत जन्मलेल्यांसाठी वेगळी मेख आहे. १ जुलै २०१० पूर्वी दिलेले जन्मदाखले तिथल्या सरकारने रद्द केले आहेत. घरी जपून ठेवलेला जुना दाखला घेऊन मुलगा नोकरीच्या पहिल्या दिवशी जातो आणि कामाचा हक्क तपासणाऱ्या आय-९ अर्जापाशी अडतो. कर्मचाऱ्याने अर्जाचा आपला भाग पहिल्याच दिवशी भरायचा असतो, आणि मालकाने कागद पाहून आपला भाग तीन कामकाजी दिवसांत. नवा दाखला मागवायला त्याहून जास्त वेळ जातो, म्हणून अभ्यासक्रम चालू असतानाच तो मागवून ठेवा.

लहानपणी कागदांविना अमेरिकेत आणलेल्यांना कामाचा परवाना देणाऱ्या ‘डाका’ योजनेची परिस्थिती अनेकांना जुनीच माहीत असते. २०१२ च्या या योजनेत १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहत असल्याची अट आहे. म्हणजे त्यानंतर आलेल्या मुलांना ही योजना कधीच लागू नव्हती, आणि आज शाळेत असलेल्या मुलांना ती जवळजवळ मिळतच नाही. टेक्सासच्या खटल्यामुळे जुलै २०२१ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याच्या १५० ते १२० दिवस आधी अर्ज करावा असा सल्ला सरकारच देते. इंटर्नशिपच्या मध्येच परवाना संपला तर कंपनी मुलाला एक दिवसही ठेवू शकत नाही. तारीख केंद्राच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

स्वयंसेवकाने कुणालाही ‘तुझे स्टेटस काय?’ विचारू नये. हे काम केंद्रातल्या नेमलेल्या माणसाचे, तेही बंद दाराआड. वर्गात एकाला विचारले की पुढच्या आठवड्यात तिघे येत नाहीत.

नावांचा घोळ होतो म्हणतात, तो काय?

स्पॅनिश रीतीत दोन आडनावे असतात, आधी वडिलांकडचे आणि मग आईकडचे. शाळेच्या दाखल्यावर दोन्ही, सोशल सिक्युरिटी कार्डावर एकच, ड्रायव्हिंग लायसन्सवर जोडरेघ, आणि पहिले आडनाव ‘मिडल नेम’च्या रकान्यात. वडिलांचे नाव मधे लिहिणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. प्रमाणपत्राच्या परीक्षेला फोटो आणि सही असलेले सरकारी ओळखपत्र लागते आणि नोंदणीतले नाव त्याच्याशी जुळावे लागते. जुळले नाही तर दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. म्हणून परीक्षेचे खाते उघडताना मुलासमोर लायसन्स ठेवून, त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. ñ किंवा á ची खूण लायसन्सवर नसेल तर खात्यातही नको.

शिकवतात काय, आणि किती दिवस?

नोकरीच्या वाटेवरचे सर्वांत रुळलेले प्रमाणपत्र म्हणजे कॉम्पटिया या आयटी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे ‘ए प्लस’. आपल्याकडच्या एमएस-सीआयटीशी त्याची तुलना करू नका. तिथे संगणक वापरायला शिकतात, इथे दुसऱ्याचा बिघडलेला संगणक नीट करायला. दोन पेपर असतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या मालिकेचे क्रमांक २२०-१२०१ आणि २२०-१२०२. प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटे. १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले असावे लागतात. देणगीत आलेले जाडजूड पुस्तक वर्गात वाटण्याआधी त्यावरचा क्रमांक बघा, कारण जुन्या २२०-११०१ मालिकेचे पेपर २०२५ मध्येच बंद झाले.

एका पेपरची फी अडीचशे डॉलरच्या वर आहे. नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाला थांबावे लागत नाही, तिसऱ्याआधी १४ दिवस थांबावे लागते, आणि फी दर वेळी पूर्ण. सराव चाचणीत सलग तीनदा ८५ टक्के मिळाल्याशिवाय केंद्राने पैसे भरू नयेत, असे आमचे मत आहे. पेपरच्या सुरुवातीलाच प्रत्यक्ष कृतीचे प्रश्न येतात आणि मुले त्यांवर २५ मिनिटे घालवतात. ते खूण करून मागे ठेवायचे आणि बहुपर्यायी प्रश्न आधी संपवायचे, याचा सराव घ्या.

पूर्णवेळ वर्ग असेल तर १२ ते १५ आठवडे पुरतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी असेल तर सहा-सात महिने धरा.

हाताने करायच्या कामासाठी काय सामान लागते?

१५ जणांच्या वर्गाला खोलून जोडायचे आठ जुने डेस्कटॉप, म्हणजे दोघांत एक. दोन नंबरचे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आठ, लॅपटॉपसाठी बारीक टोकांचे दोन संच, मनगटाला बांधायचे अर्थिंगचे पट्टे, थर्मल पेस्टच्या दोन नळ्या, आणि सीआर२०३२ बॅटऱ्यांचे पाकीट. जुने मशीन दर वेळी तारीख विसरत असेल तर दहातल्या नऊ वेळा हीच बटनाएवढी बॅटरी संपलेली असते. मुलांना पहिले यश देण्यासाठी यासारखा सोपा बिघाड नाही.

नेटवर्कसाठी कॅट-५ई केबलचे एक खोके (३०५ मीटर), १०० कनेक्टर, चार क्रिम्पर, एक टेस्टर. रंगांचा क्रम टी५६८बी : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळे अडखळतात ते मधल्या चारांत, कारण हिरव्याची जोडी निळ्याला पोटात घेऊन बसते. दुसरी चूक म्हणजे तारांच्या जोड्यांचा पीळ फार उलगडणे. १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नये, आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे, नाहीतर केबल ओढताच निसटते. पहिल्या दिवशी निम्मे कनेक्टर वाया जातात, त्याचा हिशेब आधीच धरा.

आमच्या कंपनीतले जुने लॅपटॉप द्यायचे आहेत. चालतील?

चालतील, पण न पाहता दिलेले पन्नास लॅपटॉप म्हणजे केंद्राच्या डोक्यावर पन्नास किलोचा कचरा. देण्याआधी हे बघा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे मशीन फेकायचे कारण नाही. त्यावर लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स घाला, ब्राउझर आणि रेझ्युमेचे काम उत्तम होते. मात्र मेमरी ८ जीबी करा आणि फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. एवढ्या खर्चात मशीनला दुसरा जन्म मिळतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो कंपनीच्या कुलपांचा. लॅपटॉप पुसला, नवे विंडोज घातले, मुलाने घरी नेऊन इंटरनेटला जोडला, की पडद्यावर तुमच्या कंपनीचे नाव आणि लॉग-इनची मागणी. कारण मशीनचा अनुक्रमांक ऑटोपायलट या मायक्रोसॉफ्टकडच्या कंपनीच्या यंत्रांच्या यादीत तसाच राहिलेला असतो. डिस्क पुसून तो जात नाही. आयटी विभागानेच तो यादीतून काढायला हवा. क्रोमबुकचेही तसेच, आणि अॅपलमध्ये अॅक्टिव्हेशन लॉक. बायोसचा पासवर्डही काढून द्या. हे सगळे तुम्ही कंपनीत आहात तोवरच सोपे असते.

पुसण्याबद्दल : फिरत्या डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट पुरते. एसएसडीवर तीच पद्धत विश्वासाची नाही, कारण ती डिस्क आपल्या मर्जीने जागा बदलत राहते. तिथे सिक्युअर इरेज ही डिस्कची स्वतःची आज्ञा वापरावी.

टचपॅड वर उचललेला किंवा बूड टेबलावर डुगडुगणारे मशीन दिसले की बॅटरी फुगली आहे असे समजा. चार्ज करू नका, टोचू नका. चार्जर नसलेला लॅपटॉप देणगीत धरू नये.

घरी इंटरनेट नसेल तर?

दरमहा ३० डॉलरची सवलत देणारी केंद्रीय योजना १ जून २०२४ ला पैसे संपून बंद झाली. ‘लाइफलाइन’ या दुसऱ्या केंद्रीय योजनेची दरमहा ९.२५ डॉलरची सवलत आहे, पण ती बहुधा फोनवरच खर्ची पडते. मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या स्वस्त योजना असतात. अर्ज भरताना सोबत बसा, कारण जुनी थकबाकी वडिलांच्या नावावर निघते आणि मुलगा लाजून गप्प बसतो.

व्यवहारात बहुतेक मुले फोनवरच असतात, तोही प्रीपेड. रिचार्ज चुकला की नंबर जातो, नंबर गेला की ईमेलचा पडताळणी कोड येत नाही, आणि रेझ्युमेवरचा ईमेल कायमचा बंद. मुलाखतीचे बोलावणे त्यातच पडलेले असते. पहिल्याच तासाला प्रत्येकाचे बॅकअप कोड छापून पाकिटात ठेवायला लावा.

कीबोर्डवर ñ कसा काढायचा?

नंबरपॅड असेल तर ऑल्ट दाबून १६४, मोठ्या अक्षरासाठी १६५. लॅपटॉपवर ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ हा लेआउट घालून उजवा ऑल्ट आणि एन. पण या लेआउटमध्ये अवतरणचिन्हाची कळ पुढच्या अक्षराची वाट पाहते. पासवर्ड चुकतो, कोड लिहिताना चिन्हे गायब होतात, आणि मुलाला वाटते कीबोर्ड बिघडला. दोन्ही लेआउट ठेवा आणि विंडोज कळ व स्पेसने बदलायला शिकवा.

मुले मध्येच का सोडतात?

अभ्यास झेपत नाही म्हणून सोडणारे थोडे. शुक्रवारी वडिलांना छपराच्या कामावर हात कमी पडतो, धाकट्या भावाला शाळेतून आणायला कुणी नसते, गोदामात जादा पाळी मिळते. रोख पैसे आज आणि प्रमाणपत्र चार महिन्यांनी, या हिशेबात घर आजच्या पैशाकडे झुकते. त्यात त्या घराची चूक काही नाही. म्हणून भत्ता देणारे कार्यक्रम टिकतात. भत्ता शक्य नसेल तर निदान बसपास आणि जेवण द्यावे.

पालकांना एकदा बोलवाच, संध्याकाळी सातनंतर, भावंडांसकट, खाण्यासह, आणि पत्रक स्पॅनिशमध्ये. संगणक उघडून पुन्हा जोडणारा स्वतःचा मुलगा आईने पाहिला की शुक्रवारच्या सुट्ट्या कमी होतात. बहिणीची पंधराव्या वाढदिवसाची ‘किन्सेन्येरा’ असेल तर त्या आठवड्यात परीक्षा ठेवू नका. आपल्याकडे घरचे लग्न असताना कोण अभ्यास करतो?

बारावी झालेली नसेल तर?

बारावीच्या तोडीच्या जीईडी परीक्षेचे चार पेपर : गणित, भाषा, विज्ञान, समाजशास्त्र. प्रत्येकात १४५ हवेत. परीक्षा स्पॅनिशमध्येही देता येते. गणितात बहुतेक अडकतात, तेव्हा ते आधी सुरू करा.

नोकरी कसली लागते?

हेल्प डेस्क, शाळांचे लॅपटॉप सांभाळणारा तंत्रज्ञ, डेटा सेंटरमधले रॅकचे काम, आणि फायबर टाकणाऱ्यांच्या टोळ्या. शेवटच्या कामाला ओशा या कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचे १० तासांचे सुरक्षा-प्रशिक्षण उपयोगी पडते, ते स्पॅनिशमध्येही मिळते. दोन भाषा येणे हा गुण रेझ्युमेच्या तळाशी ‘भाषा’ म्हणून टाकू नका. ‘स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत फोनवर मदत करतो’ असे वरच लिहा. रुग्णालये आणि शाळा असाच माणूस शोधत असतात.

याचा उपयोग होतो हे कशावरून?

सॅन अँटोनिओचा ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’ बघा. १९९० मध्ये तिथला लिव्हाय स्ट्रॉसचा कारखाना बंद पडून हजारावर लोकांची कामे गेली, त्यानंतर चर्चभोवती संघटित झालेल्या वस्त्यांनी तो उभा केला. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात नवव्या वर्षीही प्रशिक्षितांची वार्षिक कमाई दुसऱ्या गटापेक्षा पाच हजार डॉलरहून जास्त निघाली. मात्र तिथे मुख्यतः नर्सिंगसारखी आरोग्याची कामे आहेत आणि शिकणारे वयाने मोठे. तरुण आणि आयटी यांसाठी ‘इयर अप’चा तसाच अभ्यास आहे, त्यात फरक वर्षाला सात हजार डॉलरच्या आसपास दिसला. दोन्हींत लांब मुदत, एकेका मुलामागे समुपदेशक आणि आधीपासून बोलणी झालेले मालक आहेत. सहा शनिवारच्या कोडिंग वर्गाला हे आकडे चिकटवू नयेत.

मी एच-४ वर आहे. शिकवायला जाता येईल का?

ना-नफा संस्थेत, विनामोबदला, आणि जे काम एरवी पगारी माणसाला देत नाहीत असे असेल तर जाता येते. एच-१बी आणि एफ-१ वाल्यांनाही हाच निकष. पगारी शिक्षकाच्या जागी फुकट उभे राहणे हे स्वयंसेवेत बसत नाही. भत्ता, गिफ्ट कार्ड घेऊ नका, आणि शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. १८ च्या आतली मुले असतील तर पार्श्वभूमी तपासणी होतेच. कॅलिफोर्नियात ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणून बोटांचे ठसे देतात.

माझ्याकडे आठवड्याला फक्त एक तास आहे.

मुलाखतीचा सराव घ्या. वीस-वीस मिनिटांच्या दोन मुलाखती आणि मधे बोलायला वेळ. ‘प्रिंटर चालत नाही’ असा रागावलेला ग्राहक व्हा आणि मुलगा आधी काय विचारतो ते बघा. केबल, मग छपाईची रांग, मग ड्रायव्हर अशा क्रमाने गेला तर ठीक. बरेच जण उत्तर बरोबर देतात पण तोंडातल्या तोंडात, कारण मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू नये हेच त्यांना घरी शिकवलेले असते. त्याला उद्धटपणा शिकवायचा नाही, फक्त पहिले वाक्य ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणायला लावायचे. तेच वाक्य, पाच वेळा, दर आठवड्याला.